झेलमेच्या वाळूतील रात्र
(पंडिता रमाबाई ह्यांच्या पायी प्रवासाची हकिकत)

सातपुड्याच्या डोंगरांत सुवार्तेचे काम करणाऱ्या आमच्या बंधूंना चालणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. नंदुरबार जिल्ह्यात आता पुष्कळ ठिकाणी पक्के रस्ते झाले व मोटारी जाऊ लागल्या. तरी अक्राणीच्या बाजूस, धडगाव व मोलगी ह्यांच्या पलीकडे, नर्मदेकडे उतरणाऱ्या डोंगरांत असे पाडे आहेतच की, जेथे शेवटची वाट पायांनीच तोडावी लागते. पावसाळ्यात नाले अडवितात, उन्हाळ्यात दगड भाजतात. सकाळी एका पाड्यावर प्रार्थना करावी, दुपारी दुसऱ्या पाड्यावर जावे, तर तेथील माणसे शेतांत किंवा दूरगावी मजुरीस गेलेली असावी. आणि संध्याकाळी दोन म्हाताऱ्या व चार मुले ह्यांच्यापुढे वचन सांगून निजावे. अशा रात्री उपदेशकाच्या मनात प्रश्न येतो की, आजचे चालणे कोणाच्या उपयोगी पडले? हा प्रश्न मनात येणे पाप नव्हे. परंतु त्याचे उत्तर मनास येईल तसे देऊ नये. यास्तव आपल्याच भाषेच्या एका भगिनीची हकिकत आज सांगावयाची आहे. ती आपणांपैकी बहुतेकांहून अधिक चालली. हिमालयातून येणाऱ्या नदीच्या काठी तिने उघड्यावर रात्र काढली. आणि आपले चालणे कोणाच्या कामी आले, हे तीस पुष्कळ वर्षांनी कळले.

पंडिता रमाबाई ह्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागात, गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण असून संस्कृत विद्येत निष्णात होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असा त्या काळचा दंडक होता. पण अनंतशास्त्र्यांनी तो मोडून आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविले. जातभाईंचा रोष झाला, तेव्हा ते बिऱ्हाड घेऊन रानात जाऊन राहिले. तेथे त्यांनी घर बांधले, विद्यार्थी ठेविले, आल्यागेल्या यात्रेकरूस अन्न दिले. ह्या अन्नदानात व कर्जात त्यांची सर्व मिळकत संपली. रमाबाई सहा महिन्यांची असता तिला वेताच्या पेटाऱ्यात घालून, तो डोईवर देऊन, हे कुटुंब अरण्यातून बाहेर पडले. ज्या मुलीच्या आयुष्याचा आरंभ अशा प्रवासाने झाला, तिच्या पायांस पुढे वीस वर्षे विसावा मिळाला नाही.

अनंतशास्त्री पुराण सांगून निर्वाह करीत. देवळाच्या ओसरीवर, झाडाखाली किंवा नदीच्या घाटावर ते पोथी उघडून बसत व मोठ्याने वाचीत. येणारे जाणारे नमस्कार करून धान्य, फळे, वस्त्र किंवा पैसे पोथीपुढे ठेवीत. त्यातून पोटापुरते ठेवून बाकीचे दानधर्मात जाई. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास, एका गावाहून दुसऱ्या गावास असा हा क्रम चाले. रमाबाईंची शाळा ह्या वाटेवरच भरे. आईनेच त्यांस शिकविले, आणि बारा वर्षांच्या वयात पुराणांतील अठरा हजार श्लोक त्यांस मुखोद्गत झाले होते. घरी मराठी, पोथीत संस्कृत आणि ज्या मुलखात मुक्काम पडेल तेथील लोकांची बोली, अशा रीतीने त्यांच्या कानांवर अनेक भाषा पडत गेल्या. ह्या गोष्टीचे मोल तेव्हा कोणी जाणले नाही.

पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पदरी होते नव्हते ते विकून झाले. उच्च जातीचा व विद्येचा अभिमान असा की, भीक मागवेना; आणि मजुरी करण्याची सवय नाही व ती करण्यात अप्रतिष्ठा वाटे. अखेरीस तिरुपतीच्या बाजूस सारे कुटुंब मरावे म्हणून रानात शिरले. अकरा दिवस व अकरा रात्री पाणी, झाडाचा पाला आणि मूठमूठ रानखजूर ह्यांवर त्यांनी काढल्या. वडील फार वृद्ध झाले होते व त्यांची दृष्टी गेली होती. त्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले आणि मुलांचा एकेक करून निरोप घेतला. धाकट्या रमेस जवळ घेऊन त्यांनी सांगितले की, मी तुला देवाच्या हाती दिले आहे, तू त्याचीच राहा आणि जन्मभर त्याचीच सेवा कर. तेवढ्यात थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला. जातीचा अभिमान सोडून मी मोलमजुरी करीन व तुम्हांस पोशीन, असे म्हणून त्याने बापास त्या भयंकर बेतापासून परावृत्त केले. पण शरीर खचले होते. थोड्याच दिवसांत, १८७४ साली, अनंतशास्त्री निवर्तले.

पाठोपाठ आई गेली. परक्या गावी प्रेत उचलण्यास माणूस मिळेना. शेवटी दोन ब्राह्मणांस दया आली. ते दोघे, तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमाबाई अशा चौघांनी तिरडी उचलली. स्मशान तीन मैल दूर होते. रमाबाईंची उंची इतरांहून कमी, म्हणून तिरडीचे आपल्या बाजूचे टोक त्यांनी डोक्यावर घेतले आणि त्या चालल्या. काही काळाने थोरली बहीणही पटकीने मरण पावली. आता बहीणभाऊ दोघेच राहिले.

ह्या दोघांनी देव सोडला नाही. उलट, आपणांकडून काही उणे राहिले असेल म्हणून देव कोपले, असे समजून त्यांनी अधिक निष्ठेने तीर्थे करण्याचा निश्चय केला. तीन वर्षांहून अधिक काळ ती दोघे हिंदुस्थानभर हिंडली. चार हजार मैलांपेक्षा जास्त वाट त्यांनी पायी तुडविली. नंदुरबाराहून कन्याकुमारीस पायी जाऊन परत यावे, आणि पुन्हा एकदा जाऊन परत यावे, म्हणजे सुमारे तेवढे अंतर होईल. दक्षिणेहून उत्तरेस थेट काश्मीरपर्यंत, तेथून पूर्वेकडे वळून अखेर कलकत्त्यापर्यंत, असा हा प्रवास झाला. नद्यांत स्नाने केली, उपास केले, देवळे, झाडे, गाई, ब्राह्मण सर्वांची पूजा केली.

ह्या प्रवासात ती दोघे झेलम नदीच्या काठी आली. ज्यांनी हिमालय पाहिला नाही, त्यांच्यासाठी ह्या नदीविषयी थोडे सांगणे जरूर आहे. संस्कृत ग्रंथांत हिला वितस्ता म्हणतात. काश्मिरात वेरीनाग येथे डोंगराच्या पायथ्याशी हिचा झरा आहे. श्रीनगर शहरातून व वुलर नावाच्या विस्तीर्ण सरोवरातून ती शांतपणे वाहते. पण बारामुल्लाच्या पुढे दोन्हींकडचे डोंगर तिला दाबतात, आणि मग ती खोल दरीतून मोठ्या वेगाने धावत मुझफ्फराबादजवळ दक्षिणेकडे वळते व पुढे पंजाबच्या सपाटीवर उतरते. आज ह्या खोऱ्याचा वरचा भाग भारताच्या व खालचा पाकिस्तानाच्या ताब्यात आहे. तेव्हा असा भेद नव्हता. आपली तापी उन्हाळ्यात आटते. झेलमेस मात्र उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाचे पाणी येते, आणि हिवाळ्यात तिच्या काठचा वारा हाडांपर्यंत शिरतो.

अशा मुलखात सतरा ते वीस ह्या वयाची एक मुलगी व तिचा भाऊ ह्यांचा दिवस कसा जात असेल? अंगावर जाडेभरडे, अपुरे वस्त्र. घोंगडी नाही, छत्री नाही, पायांत वहाणा नाहीत. पहाटे थंड पाण्यात स्नान, कारण ते चुकविणे धर्मास सोडणे होय. मग चालणे. दगड टोचले तरी चालणे, पाऊस आला तरी चालणे. गाव आले म्हणजे कोणी दयाळू माणसाने काही दिले तर खावे. न दिले तर पुढच्या गावाची आशा धरावी. कधी भूक इतकी अनावर होई की, रानातील बोरांसारखी फळे मूठभर तोडून, जाड सालीसकट व कठीण बियांसकट ती गिळावी लागत. रात्र झाली म्हणजे धर्मशाळा मिळेलच असे नाही. मग रस्त्याच्या कडेचे झाड, पुलाची कमान किंवा मोकळे आकाश हाच निवारा.

पंजाबात झेलमेच्या तीरी अशीच एक रात्र आली. आसऱ्यास काही नव्हते आणि थंडी असह्य झाली होती. तेव्हा त्या दोघांनी काठच्या कोरड्या वाळूत दोन खड्डे खणले. ते थडग्यासारखे लांबट होते. एकात भाऊ निजला व दुसऱ्यात बहीण, आणि दोघांनी डोके तेवढे बाहेर ठेवून सारे अंग वाळूने झाकून घेतले. वाळूने ऊब दिली आणि त्यांचा जीव राहिला. तिरुपतीच्या रानात ज्यांनी मरणाची तयारी केली होती, ती दोन भावंडे झेलमेच्या काठी जिवंतपणी पुरून घेऊन वाचली. सकाळी अंगावरची वाळू झाडून ती पुढच्या गावाच्या वाटेस लागली.

येथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. ह्या प्रवासात धर्मशाळा हा त्यांचा मोठा आधार होता. धर्मशाळेत गरीब यात्रेकरूस व वाटसरूस फुकट उतरता येई. मात्र हलक्या मानलेल्या जातींच्या लोकांस तेथे थारा नसे. रमाबाईंनी पुढे आपल्या जीवनाची हकिकत लिहिली तेव्हा ही गोष्ट स्पष्ट सांगितली आहे. झेलमेच्या काठी त्या एका रात्री ब्राह्मणकन्या उघड्यावर निजली. पण ह्या देशातील लक्षावधी माणसांस तसे उघड्यावर निजणे हे एका रात्रीचे नव्हते, तो त्यांचा नित्याचाच भाग होता. आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. बाईंनी ते पाहिले, आणि पुढे स्वतःच्या हाती घर बांधण्याची वेळ आली तेव्हा त्या ते विसरल्या नाहीत.

हिमालयातीलच आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. तेथे एका पवित्र सरोवरात सात पर्वत तरंगतात, ते पर्वतरूपाने राहणारे ऋषी होत, आणि जो निष्पाप असेल त्याच्याकडे ते आपण होऊन येतात, अशी ख्याती होती. ही दोघे मोठ्या श्रद्धेने तेथे गेली. पर्वत दिसत होते, पण काही केल्या जवळ येईनात. पाण्यात उतरू नका, सुसरी आहेत, असे पुजाऱ्यांनी बजाविले होते. श्रीनिवासास मात्र खरे काय ते पाहिल्यावाचून राहवेना. पहाटे कोणी नसता तो पाण्यात शिरला आणि पोहत गेला. पाहतो तो तराफ्यावर माती व दगड रचून त्यांत झाडे लाविलेली. आणि मागे लहान होडी. यात्रेकरूने पुरेशी दक्षिणा दिली म्हणजे होडीतील माणसाने तराफा पुढे ढकलावा, असा तो प्रकार होता. दोघेही निमूटपणे तेथून निघाली.

हे सांगण्याचा हेतू कोणाची थट्टा करावी असा नाही. त्या सरोवरावर जमलेल्या यात्रेकरूंची पापमुक्तीची तळमळ खोटी नव्हती. खोटी होती ती त्या तळमळीवर पैसा करण्याची युक्ती. अशी युक्ती जगात कोठेही शिरू शकते, आणि मंडळीनेही ह्याविषयी जागे असावे. श्रीनिवासाप्रमाणे जो सत्यासाठी थंड पाण्यात उडी घेतो, त्याच्यावर देवाची दृष्टी असते. चार हजार मैलांच्या शेवटी ह्या बहीणभावांच्या हाती पुण्य लागले नाही. जुन्या गोष्टींवरचा त्यांचा विश्वास मात्र हळूहळू गळून पडला. त्यांच्या जागी ठेवण्यास अजून काही नव्हते, म्हणून त्यांचे मन फार उदास झाले.

१८७८ साली दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. ज्या मुलीस काही काळापूर्वी वाळूत निजावे लागले होते, तिचे नाव आता वर्तमानपत्रांत येऊ लागले. ह्याच शहरी त्यांनी ख्रिस्ती लोकांची सभा प्रथम पाहिली. प्रार्थनेच्या वेळी सर्वजण खुर्च्यांपुढे गुडघे टेकून बसले, तेव्हा हे लोक खुर्च्यांचीच पूजा करितात असे भावंडांस वाटले! त्यांस संस्कृत भाषेतील बायबल देण्यात आले. पण ते तेव्हा त्यांच्या मनास लागले नाही. पुढे स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्याकरिता रमाबाईंनी धर्मशास्त्रे बारकाईने वाचली, आणि स्त्रिया व शूद्र ह्यांस वेदाचा अधिकार नाही व मोक्षाची वाटही मोकळी नाही, हे वाचून त्या चकित झाल्या. इतकी वाट चालून जेथे जावयाचे, तेथे आपणांस दारच नाही, असे त्यांस कळून चुकले.

१८८० साली ढाक्यास श्रीनिवास मरण पावला. प्रवासातील हालांनी त्याची प्रकृती ढासळली होती. बहिणीचे कसे होईल, हीच चिंता त्यास शेवटपर्यंत होती. देव आपला सांभाळ करील, असे तिने सांगितले तेव्हा त्याचे मन शांत झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशी विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते, आणि हा विवाह सरकारी कायद्याने झाला. आसामात सिलचर येथे त्यांचा संसार सुरू झाला. १८८१ साली मनोरमा ही कन्या झाली, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पती पटकीने वारले. ह्याच घरी पतीच्या पुस्तकांत त्यांस लूककृत शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली प्रत सापडली होती. बंगाली भाषा त्या प्रवासात शिकल्या होत्या, म्हणून ती प्रत त्यांस वाचता आली.

पुढची हकिकत पुष्कळांस माहीत आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. विधवा रमाबाई १८८२ साली पुण्यास आल्या आणि स्त्रियांच्या उन्नतीकरिता त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या, आणि तेथे पतित स्त्रियांना उचलून घेणाऱ्या भगिनींचे प्रेमाचे काम पाहून त्यांचे मन द्रवले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी कन्येसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. मात्र एक गोष्ट त्यांनी कधी लपविली नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांस मागाहून कळले. पुढे सुमारे आठ वर्षांनी, हिंदुस्थानात परत आल्यावर, आपल्या कशाच्याही जोरावर नव्हे तर केवळ कृपेने तारण आहे, हे त्यांनी अंतःकरणापासून धरिले आणि त्यांस शांती मिळाली. जी बाई चार हजार मैल पुण्य मिळविण्यासाठी चालली होती, तिला तारण बसल्या ठिकाणी दान म्हणून मिळाले.

मग ते चालणे व्यर्थ गेले काय? ह्याचे उत्तर १८९६ च्या दुष्काळात मिळाले. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांकरिता शारदासदन उघडले होते, व पुढे ते पुण्यास नेले होते. मध्यप्रांतात दुष्काळ पडल्याचे वर्तमान आले. हाती पैसा नव्हता. जबाबदारी अगोदरच मोठी होती. परंतु ते वर्तमान ऐकताच त्यांस तिरुपतीचे रान आठवले, झाडाचा पाला आठवला, गिळलेल्या बिया आठवल्या. निराधार मुलगी दुष्काळात कोणाच्या हाती पडते, हे त्यांस कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. त्या तेथे गेल्या आणि उपाशी मुली व तरुण विधवा ह्यांस घेऊन आल्या. पुण्यात प्लेगामुळे इतक्या जणींस ठेवता येईना, म्हणून पुण्याच्या पूर्वेस सुमारे चाळीस मैलांवर केडगाव येथे फळबागेकरिता घेतलेल्या जमिनीवर प्रथम झोपड्या उभारून त्यांची सोय केली. तेथेच मुक्तिसदन उभे राहिले.

१८९९-१९०० साली त्याहून भयंकर दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ मधील म्हणून त्यास छपन्नाचा काळ म्हणतात. गुजराथ होरपळून गेली, आणि तिला लागून असलेल्या आपल्या खानदेशासही त्याची मोठी झळ लागली. रमाबाईंनी आपल्या सहकारिणींना गुजराथेत पाठविले आणि शेकडो जणींस आणविले. त्या वर्षी केडगावी राहणाऱ्यांची संख्या दीड हजाराच्या वर गेली. विहिरी खणल्या, शेती केली. विणकाम, शिवणकाम, छापखाना असे अनेक उद्योग मुली शिकल्या. आंधळ्या मुलींस बोटांनी वाचण्यास शिकविले. निरनिराळ्या जातींच्या मुली एका छपराखाली राहिल्या. ज्या धर्मशाळांचे दार सर्वांना उघडे नव्हते, त्यांत राहिलेल्या बाईंनी असे घर बांधले की, ज्याच्या दाराशी कोणाची जात अडली नाही. ते काम केडगावी आजही चालू आहे.

प्रवासाचे आणखी एक फळ सांगावयाचे राहिले. आयुष्याच्या शेवटच्या सुमारे अठरा वर्षांत रमाबाईंनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सर्व पवित्र शास्त्राचे मराठीत भाषांतर केले. खेड्यातील साध्या बाईस व मजुरास ते समजावे, हा त्यांचा कटाक्ष होता. अठरा हजार संस्कृत श्लोक ज्यांस पाठ, त्यांस जड शब्दांची काय उणीव? पण त्यांचे बाळपण वाटेवर, घाटावर व ओसरीवर गेले होते. गावोगावच्या स्त्रिया कशा बोलतात, कोणता शब्द ऐकून त्यांचे तोंड खुलते व कोणत्या शब्दाने मिटते, हे त्यांनी कानांनी ऐकले होते. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली, तरी त्यांनी लेखणी खाली ठेविली नाही. काम पुरे झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी त्या प्रभूजवळ गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली छापून बाहेर पडले.

प्रिय बंधूंनो व भगिनींनो, ह्या हकिकतीपासून आपण दोन गोष्टी शिकाव्या. पहिली ही की, चालण्याने तारण विकत मिळत नाही. हे आपण इतरांस सांगतो, पण स्वतः विसरतो. महिन्याच्या अहवालात किती पाडे घेतले, किती मैल गेलो, किती सभा झाल्या, हे लिहावे लागते. आणि लिहिता लिहिता मनात असे येऊ लागते की, हाच आपला देवापाशी जमाखर्च होय. तसे असते, तर रमाबाईंच्या जमेस चार हजार मैल होते. तरी त्या रिकाम्या हातांनी ख्रिस्ताकडे आल्या आणि तशाच आल्या म्हणून त्यांस मिळाले. ज्या दिवशी दहा कोस चाललो त्या दिवशी देव आपणांवर अधिक प्रीती करितो, आणि ज्या दिवशी तापाने घरी पडलो त्या दिवशी कमी, असे नाही.

दुसरी गोष्ट ही की, देवाच्या हाती दिलेले पाऊल वाया जात नाही. झेलमेच्या वाळूत निजलेल्या मुलीस ठाऊक नव्हते की, ह्या थंडीची आठवण पुढे शेकडो मुलींस पांघरूण देईल. किंवा वाटेवर शिकलेल्या भाषेतूनच शुभवर्तमान तिला प्रथम भेटेल. देव काय करीत आहे, हे तीस त्या रात्री दिसले नाही. दिसली ती फक्त वाळू. तरी बापाने तिला ज्या देवाच्या हाती दिले होते, त्याने तो हात सोडला नव्हता. ती त्याला ओळखत नव्हती, तेव्हाही तो तिला ओळखत होता.

म्हणून अक्राणीच्या चढणीवर किंवा रंगावलीच्या काठी ज्या बंधूस आज कोणी ऐकणारा भेटला नसेल, त्याने आजचा दिवस फुकट गेला असे इतक्यात म्हणू नये. वाटेत ज्या झोपडीत पाणी मागितले, तेथील बाईची बोली ध्यानात ठेवावी; ज्या घरी चूल पेटली नव्हती, ते घर ध्यानात ठेवावे; ज्या मुलीस शाळा सोडून मजुरीस जावे लागले, तिचे नाव प्रार्थनेत घ्यावे. ह्यांतील कोणती गोष्ट देव केव्हा कामास लावील, हे त्याचे तो जाणतो. आपण रात्री पाय धुवावे, दिवस त्याच्या स्वाधीन करावा, आणि सकाळी उठून पुढच्या पाड्याच्या वाटेस लागावे.